प्रियदर्शिनीच्या काठी

नकाशा पाहणाऱ्याला वाटतं, अंटार्क्टिकावर पाण्याला काय तोटा! जगातल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी त्या एका खंडावर बर्फाच्या रूपात साठलेलं आहे. पण तिथे मुक्कामाला गेलेल्या माणसाला पहिली चिंता पडते ती पिण्याच्या पाण्याचीच. बर्फ वितळवावा लागतो आणि वितळवायला इंधन लागतं. शून्य अंशावरच्या एक किलो बर्फाचं नुसतं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्याच उष्णतेत ते एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. इंधनाचं एकेक पिंप जिथे हजारो किलोमीटरचा समुद्र ओलांडून न्यावं लागतं, तिथे हा हिशेब फार महागात पडतो. म्हणून उन्हाळ्यात मोकळं होणारं आणि भर हिवाळ्यातही बर्फाखाली पाणी राखून ठेवणारं लहानसं तळं त्या खंडावर सापडणं, हे भाग्यच म्हणायचं. भारताच्या तिथल्या 'मैत्री' या संशोधन केंद्राला असं तळं लाभलं आहे. इंदिरा गांधींच्या नावावरून त्याला 'प्रियदर्शिनी' म्हणतात.

मी मन्नाएखेळ्ळीचा. बिदर जिल्ह्यातलं, पुणे-हैदराबाद महामार्गावरचं हे गाव. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि पलीकडच्या गावच्या पाहुण्यांशी तेलुगू, असा आमच्याकडचा रोजचा व्यवहार. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, बोअर कोरडे पडतात आणि पाण्याचा टँकर कधी येणार याच्यावर घरातली कामं ठरतात. मी नोकरीही पंप आणि पाण्याच्या वाहिन्यांच्याच कामात केली. अंटार्क्टिकाच्या उन्हाळी तुकडीत देखभालीच्या कामावर निवड झाली, तेव्हा घरच्यांना वाटलं, निदान पाण्याच्या कटकटीतून तरी हा सुटला. प्रत्यक्षात तिथेही माझं काम पाण्याचंच होतं.

या प्रवासाची सुरुवात गोव्यातून होते. वास्को-द-गामा इथल्या हेडलँड सडा या उंचवट्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. १९९८ साली सुरू झालेली ही संस्था भारताच्या साऱ्या ध्रुवीय मोहिमा आखते. पण गोव्याचं अंटार्क्टिकाशी नातं त्याहून जुनं आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली. २१ जणांची ती तुकडी 'पोलर सर्कल' या नॉर्वेच्या जहाजातून गेली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. पुढे १९८३ च्या अखेरीस निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत प्रथमच दोन स्त्रिया होत्या: भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरवैज्ञानिक अदिती पंत. अदितीताई नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या पंत घराण्यातल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या. अंटार्क्टिकाच्या बर्फावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांपैकी एक मराठी होती, हे आपल्या शाळांतल्या मुलींना आवर्जून सांगायला हवं.

निवड झाल्यावर लगेच निघता येत नाही. कडक वैद्यकीय तपासणी होते. मग उत्तराखंडात औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या संस्थेत बर्फावर चालण्याचं, दोराला धरून उतरण्याचं, भेगेत पडलेल्याला वर काढण्याचं शिक्षण मिळतं. त्यानंतर विमानाने दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन. तिथे सामानाची झडती होते, पण ती चोरट्या मालासाठी नव्हे. बुटांचे तळवे घासून धुतात, पिशव्यांचे कोपरे आणि जाकिटांच्या चिकटपट्ट्या तपासतात, कारण परक्या प्रदेशातलं एक बी किंवा चिमूटभर माती तिकडे जाता कामा नये. माझ्या जुन्या पिशवीच्या शिवणीत गवताचं एक कुसळ अडकलेलं निघालं. बहुधा आमच्याच शिवारातलं. चिमट्याने ते काढून बंद पाकिटात टाकलं, तेव्हा आपण कुठल्या तऱ्हेच्या भूमीवर निघालो आहोत याची मला खरी कल्पना आली.

केपटाऊनहून रशियन बनावटीचं इल्यूशिन-७६ हे मालवाहू विमान जातं. सुमारे ४,२०० किलोमीटरचं अंतर साधारण सहा तासांत कापलं जातं. उतरण्याआधी सगळे उठून जाड पोशाख चढवतात. विमान उतरतं ते निळसर, टणक बर्फाच्या धावपट्टीवर, रशियाच्या नोवोलाझारेवस्काया केंद्राजवळ. दार उघडलं की आधी डोळे मिटतात. काळ्या चष्म्यावाचून तिथे क्षणभरही उभं राहवत नाही. तिथून पिस्टनबुली नावाच्या पट्ट्यांच्या गाडीत बसून उत्तरेकडे निघालो की बराच वेळ पांढऱ्याशिवाय दुसरा रंग दिसत नाही. मग बर्फाचा उतार संपतो आणि समोर तपकिरी, उघड्या खडकांच्या टेकड्या उभ्या राहतात.

हे शिरमाखर ओअॅसिस. १९३९ साली जर्मन मोहिमेतल्या शिरमाखर नावाच्या वैमानिकाने ते आकाशातून पाहिलं, म्हणून त्याचं नाव पडलं. दक्षिणेला ध्रुवापर्यंत पसरलेला हिमस्तर आणि उत्तरेला समुद्रावर तरंगणारा हिमफलक यांच्या मधे सापडलेलं हे खडकाचं लांबट बेट आहे. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त तीनेक किलोमीटर आणि क्षेत्रफळ साधारण ३५ चौरस किलोमीटर. मोकळा समुद्र गाठायचा तर हिमफलकावरून शंभरेक किलोमीटर जावं लागतं. एवढ्याशा भूमीवर शंभराहून अधिक तळी आहेत.

ही तळी हिमनदीनेच कोरली. बर्फाचा जाडजूड थर सरकताना खालच्या खडकाला खरवडत नेतो. जिथे खडक मऊ किंवा भेगाळलेला, तिथे खोलगट जागा पडते. हजारो वर्षांपूर्वी बर्फ मागे हटला तशा या खोलगट जागा उघड्या पडल्या आणि वितळलेल्या पाण्याने भरल्या. काही तळी आजही हिमस्तराच्या पायथ्याला टेकलेली आहेत, त्यांना बर्फाचं पाणी थेट मिळतं. काही उत्तरेच्या कडेला हिमफलकाला लागून आहेत. त्यांचा बर्फाखालून समुद्राशी संबंध असल्यामुळे भरती-ओहोटीबरोबर त्यांची पातळी हलते. तिसरी तळी आतल्या भागातली, चहूबाजूंनी खडकांनी वेढलेली. त्यांना आसपास साठलेल्या बर्फाचं वितळपाणी मिळतं. प्रियदर्शिनी या आतल्या तळ्यांपैकी एक.

इथला खडक नाइस जातीचा, पट्ट्यापट्ट्यांचा. वाकून पाहिलं तर त्यात गार्नेटचे लालसर दाणे दिसतात. आपल्या दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्यापुढे हा खडक कितीतरी जुना, शंभर कोटी वर्षांच्या घडामोडींची खूण अंगावर वागवणारा. एके काळी भारत आणि अंटार्क्टिका गोंडवन नावाच्या एकाच महाखंडाचे भाग होते. भूवैज्ञानिक इथे हातोडी घेऊन फिरतात ते त्याच जुन्या शेजाराचे पुरावे गोळा करायला.

नोव्हेंबरात मी पोहोचलो तेव्हा प्रियदर्शिनी पूर्ण गोठलेली होती. पांढरं, खरबरीत पटांगणच म्हणा ना. वाऱ्याने बर्फ झाडून नेला होता तिथे खालचा निळा-काळा थर दिसत होता आणि त्यात पांढऱ्या बुडबुड्यांच्या उभ्या माळा गोठून बसलेल्या होत्या. तळाशी शेवाळाचे आणि नील-हरित जिवाणूंचे जाड थर आहेत. बर्फातून झिरपणाऱ्या उजेडावर ते जगतात, प्राणवायू सोडतात आणि वर येणारे ते बुडबुडे वाढत्या बर्फात एकावर एक अडकत जातात.

डिसेंबर उजाडला तसं चित्र बदललं. त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही. दुपारी उत्तरेला असतो, मध्यरात्री दक्षिणेला हिमस्तराच्या वर खाली उतरतो आणि न टेकता पुन्हा चढू लागतो. बर्फ उजेड परतवतो, पण काळसर खडक तो पिऊन घेतो. त्यामुळे तळ्याचा बर्फ वितळायला लागतो तो काठाकडून. आधी काठाला लागून हातभर रुंद पाण्याची पट्टी दिसली, मग ती रुंदावत गेली. मधला बर्फ उभ्या काड्यांसारख्या स्फटिकांत फुटायला लागला. वारा सुटला की या काड्या काठाशी गोळा होत आणि काचेच्या बांगड्या एकमेकींवर आपटाव्यात तसा किणकिण आवाज येई. त्याच काठावर तळातून सुटून आलेले शेवाळाचे पापुद्रे साचत. ओले असताना केशरी-तपकिरी आणि बुळबुळीत, वाळले की कागदासारखे हलके. मासा नाही, बेडूक नाही, काठावर गवताचं पातं नाही. तरीही ते तळं जिवंत आहे हे त्या पापुद्र्यांकडे पाहून कळतं. ओलाव्याच्या जागी, खडकांच्या आडोशाला, मॉसचे लहान हिरवे ठिपके आणि दगडफुलाच्या काळ्या-पिवळ्या खपल्या असतात. पाय कुठे टाकायचा हे तिथे बघूनच ठरवावं लागतं, कारण तुडवलेला मॉस पुन्हा धरायला अनेक वर्षं जातात. स्कुआ नावाचे धिप्पाड तपकिरी पक्षी उन्हाळ्यात तिथे घरटी करतात आणि मोकळ्या पाण्यात पंख आपटून आंघोळ करतात.

हिवाळ्यात उणे ३० अंशांखाली पारा गेला तरी हे तळं तळापर्यंत का गोठत नाही, याचं कारण पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्याहून थंड झालं की हलकं होऊन वर येतं आणि बर्फ त्याहूनही हलका, म्हणून तो तरंगतो. वर बर्फाचं झाकण तयार झालं की तेच खालच्या पाण्याचं थंडीपासून रक्षण करतं. माणसांना बारा महिने पाणी मिळतं ते याच्याच जोरावर. काठावर पंपघर आहे. तिथून केंद्रापर्यंत आलेल्या नळाला बाहेरून उष्णतारोधक वेष्टण आहे आणि विजेवर तो ऊबदार ठेवला जातो. वीज गेली आणि पाणी नळात थांबलं तर ते तिथेच गोठायचं, नळ फुटायचा. त्यामुळे जनरेटर, पंप आणि नळ या तिघांवर आळीपाळीने कुणाचं तरी लक्ष असतंच. गावाकडे मी पाण्याची वाट पाहत आलो होतो; इथे पाणी वाहतं ठेवणं हे काम होतं. या पाण्यात क्षार फारच कमी, त्यामुळे पहिल्या घोटाला ते अगदी सपक लागतं. आमच्याकडच्या बोअरचं जड पाणी पिऊन वाढलेल्या माणसाला तर फारच.

तळ्याचं खरं मोल कळायचं तर आधीच्या केंद्राची गोष्ट सांगायला हवी. भारताचं पहिलं केंद्र 'दक्षिण गंगोत्री', १९८३-८४ च्या त्या तिसऱ्या मोहिमेत डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं. ते खडकावर नव्हे, हिमफलकावर होतं. तिथे खाली, वर, चारी दिशांना बर्फच बर्फ. पाणी हवं तर तो वितळवायचा आणि वर साठत जाणारा बर्फ सतत उपसायचा. काही वर्षांतच केंद्र बर्फाखाली गाडलं जाऊ लागलं आणि १९९० साली ते बंद करावं लागलं. तोवर 'मैत्री' तयार झालं होतं. १९८९ पासून चालू झालेलं हे केंद्र खडकावर पोलादी खांब रोवून उभारलं आहे, म्हणजे उडता बर्फ खालून निघून जातो. जागा निवडताना पक्का खडक आणि हाताशी गोडं पाणी, या दोन गोष्टी निर्णायक ठरल्या. रशियन केंद्रही १९६१ पासून याच टेकड्यांत, दुसऱ्या एका तळ्याच्या शेजारी आहे. पूर्वीच्या पूर्व जर्मनीचं केंद्रही याच परिसरात होतं. एवढ्या अफाट खंडावर तीन देशांनी शेजारी-शेजारी घरं बांधली, ती खडक आणि पाणी पाहूनच.

हिवाळ्यात 'मैत्री'त पंचविसेक माणसं राहतात. उन्हाळ्यात संख्या वाढते. शास्त्रज्ञ, डॉक्टर, सैन्यदलातले अभियंते, गाड्यांचे मेकॅनिक, वीजतंत्री, आचारी. दिवसाची कामं वाऱ्यावर ठरतात. ध्रुवाकडच्या उंच पठारावरची थंड, जड हवा उतारावरून घरंगळत येते तेव्हा पारा फार खाली नसला तरी चेहरा बधिर होतो आणि वादळ उठलं की दोरी धरल्याशिवाय एका इमारतीतून दुसरीत जाता येत नाही. २६ जानेवारीला झेंडावंदन होतं. पत्रं पाठवायची तर टपालाची सोय आहे: गोवा टपाल विभागाला जोडलेलं तिथलं कार्यालय १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्रीला सुरू झालं आणि एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्र परिमंडळाने 'एमएच-१७१८' असा पिन देऊन अंटार्क्टिकावरच्या 'भारती' या भारताच्या दुसऱ्या केंद्रात नवं कार्यालय उघडलं. अंटार्क्टिकाच्या शिक्क्याचं पाकीट मन्नाएखेळ्ळीच्या पोस्टमनने घरी आणून दिलं, तेव्हा ते बघायला निम्मी गल्ली जमली होती.

मला सर्वांत शिकण्यासारखी वाटली ती तिथली शिस्त. अंटार्क्टिका करारातल्या देशांनी १९९१ साली माद्रिदला पर्यावरण-रक्षणाचा पूरक करार केला. तो १९९८ पासून लागू आहे. त्यानुसार तिथे खाणकामाला बंदी आहे, बाहेरचे प्राणी आणि वनस्पती नेता येत नाहीत, आणि म्हणूनच घसरगाड्या ओढणारे कुत्रेसुद्धा १९९४ पर्यंत हलवण्यात आले. भारताने २०२२ साली स्वतःचा अंटार्क्टिका कायदाही केला. पण कायद्याची कलमं रोजच्या जगण्यात कशी दिसतात, ते 'मैत्री'त पाहावं. शौचालयात मैला विजेच्या भट्टीत जाळतात आणि उरलेली राख पिंपात भरतात. स्वयंपाकघरातला कचरा, डबे, प्लास्टिक, काच, बॅटऱ्या, वापरलेलं तेल, सगळं वेगवेगळं बांधून बर्फगाड्यांवरून जहाजापर्यंत जातं आणि खंडाबाहेर नेलं जातं. आंघोळीचं, कपडे धुण्याचं पाणी मोजून वापरायचं, कारण वापरलेल्या प्रत्येक बादलीचं पुढे काय करायचं हा प्रश्न उरतोच. तळ्याच्या काठावर गाडी नेत नाहीत, तेल सांडण्याजोगं काही ठेवत नाहीत. ज्या पाण्यावर आपण जगतो त्याच्या उशाशी घाण करायची नाही, एवढा साधा नियम आहे आणि तो साहेबापासून आचाऱ्यापर्यंत सगळे पाळतात.

त्या तळ्यांची निगा विज्ञानासाठीही राखावी लागते. तळाच्या गाळात थरांवर थर बसलेले असतात. नळकांडं खोचून ते काढले की हजारो वर्षांत कधी ऊब होती, कधी बर्फ पुढे सरकला, हे वाचता येतं. जवळच्या दक्षिण गंगोत्री हिमनदीचं टोक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक १९८३ पासून मोजत आले आहेत. ते हळूहळू मागे हटतं आहे. आमच्या महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी शिरमाखरच्या मातीतून थंडीत वाढणारा एक नवा जिवाणू शोधून १९९२ मध्ये जगापुढे मांडला. असले जीव गोठणबिंदूजवळ आपली कामं कशी उरकतात, हे कळलं तर औषधांपासून कपडे धुण्याच्या पावडरीपर्यंत अनेक ठिकाणी त्याचा उपयोग आहे. एका तेलगळतीने किंवा सांडपाण्याच्या लोटाने ही सगळी नोंद बिघडू शकते.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही वस्ती अशाच एका तळ्यावर जगते. उत्तर ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर, स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ओलेसुंद या चिमुकल्या वस्तीत भारताचं 'हिमाद्री' केंद्र १ जुलै २००८ पासून आहे. तेही गोव्यातूनच चालवतात. चहूकडे हिमनद्या आणि फ्योर्ड असलेल्या त्या वस्तीला पिण्याचं पाणी मिळतं ते त्विलिंगवाटनेट नावाच्या लहान तळ्यातून. आणि हिमालयात याच जातीची तळी भीतीचं कारण झाली आहेत: ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक तळं फुटलं आणि तीस्तेच्या खोऱ्यात माणसं, पूल, धरण वाहून गेलं. बर्फ वेगाने वितळायला लागला की तळी फुगतात आणि हिमोढाचे, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचे, बांध त्यांना पेलत नाहीत. ध्रुवावरच्या शांत तळ्याची मोजमापं आणि हिमालयातल्या गावांची सुरक्षितता यांचा संबंध आहे तो असा.

परत आल्यावर लोक विचारतात, पेंग्विन पाहिले का, थंडी किती होती, खायला काय मिळायचं. मी सांगतो ते पाण्याचं. आमच्या बिदरच्या पठारावरही पाण्याची अशीच जाण असलेले लोक होऊन गेले. बहामनी काळात त्यांनी जांभ्या दगडात मुरलेलं पाणी ओळखलं, भुयारं खोदून ते नौबादहून शहराकडे वळवलं आणि ठरावीक अंतरावर हवेसाठी, उपशासाठी कूपक ठेवले. करेज नावाची ही व्यवस्था शतकानुशतकं चालली. नंतर तिच्यावर बांधकामं झाली, कूपकांत कचरा पडला, भुयारं गाळाने भरली. काही वर्षांपूर्वी गाळ काढायचं काम झालं तेव्हा आतमध्ये पाणी अजून वाहतं आहे असं दिसलं.

'मैत्री'त जायचं असेल तर त्याची वाट बंद नाही. मेकॅनिक, वीजतंत्री, नळजोडणी करणारा, परिचारक, आचारी अशा कामांसाठी गोव्याचं केंद्र जाहिराती काढतं. आपल्या सीमाभागातल्या आयटीआय शिकलेल्या मुलामुलींनी त्या बघाव्यात आणि जरूर अर्ज करावा. पण तिथे जाणं ज्यांना शक्य नाही, त्यांच्याही हातात एक काम आहे. आपल्या गावाला पाणी कुठून येतं ती जागा एकदा जाऊन पाहा. विहीर असो, तलाव असो, बोअर असो, तिच्या शंभर पावलांच्या आत काय काय पडलं आहे ते बघा आणि ग्रामसभेत उभं राहून ते हलवायला लावा. पंचवीस माणसं पृथ्वीच्या टोकाला एवढं करू शकतात. आपल्याला आपल्या गावात ते करता आलंच पाहिजे.